उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचे संग्राहक आणि घरकामाची स्मृती

वस्तू, संग्रह आणि स्मृती यांच्या परस्परसंबंधांचा विचार तौलनिक साहित्याभ्यासाला अपरिचित नाही. वॉल्टर बेन्यामिन यांनी १९३१ मध्ये आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिलेला निबंध, जाँ बोद्रियार यांचा १९६८ मधील वस्तुव्यवस्थेवरील ग्रंथ आणि सुझन स्टुअर्ट यांचे १९८४ मधील ‘ऑन लाँगिंग’ हे पुस्तक यांच्या आधारे ही चर्चा सामान्यतः पुढे जाते. या परंपरेत संग्राह्य वस्तू म्हणून समोर येते ते पुस्तक, जुने घड्याळ, बाहुलीघर किंवा प्रवासातून आणलेली एखादी आठवणवस्तू. ज्या वस्तूने घरातला केर काढला ती मात्र या चर्चेच्या परिघावरच राहिली आहे. केर काढण्याच्या साधनाला कोणी जपून ठेवील, त्याच्याविषयी हळवे होऊन बोलेल, ही कल्पनाच काहीशी हास्यास्पद वाटते, आणि हे हसू येते कोठून याचा विचार या निबंधात ओघाने करावा लागेल.

अमेरिका आणि ब्रिटन या दोन देशांत जुन्या उभ्या व्हॅक्यूम क्लीनरचे संग्राहक आहेत. ते यंत्रे जमवतात, उघडतात, दुरुस्त करतात, चकाकी आणतात आणि एकत्र जमून ती चालवून पाहतात. त्याबरोबरच ते आठवणी सांगतात. या आठवणींना एक ठरलेला घाट प्राप्त झाला आहे. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की या आठवणींचा निवेदक बहुधा ते यंत्र चालवणारा नसतो. दुसरे कोणी चालवत असताना जमिनीवर बसून पाहणारे मूल हा त्यांचा निवेदक असतो. यंत्र चालवणारी व्यक्ती, म्हणजे आई, आजी किंवा कामाला येणारी बाई, या कथनात असते, पण पाठमोरी असते. एका यंत्राच्या स्मृतीत कोणाची स्मृती साठली आणि कोणाची साठली नाही, हा या लेखामागचा प्रश्न आहे.

त्यासाठी यंत्राची रचना थोडी समजून घेणे आवश्यक आहे. आपल्याकडे व्हॅक्यूम क्लीनर म्हटले की नळीचे यंत्र डोळ्यांसमोर येते: मोटरचा डबा जमिनीवर एका बाजूला आणि हातात लांब नळी. उभ्या यंत्रात मोटर, पंखा आणि ब्रश तिन्ही तळाशी असतात, वर लांब दांडा असतो आणि दांड्याला कापडी पिशवी लटकलेली असते. मोटरच्या दांडीवरून एक पट्टा ब्रशच्या रुळाला फिरवतो. ब्रश गालिच्यातली धूळ मोकळी करतो, पंखा ती ओढून घेतो आणि थेट आपल्या पात्यांमधून पिशवीत फेकतो. त्यामुळे यंत्र सुरू होताच लोंबती पिशवी फुगून ताठ उभी राहते आणि बंद करताच हळूहळू मलूल होते. १९३० च्या दशकात अनेक उभ्या यंत्रांना पुढे दिवाही आला. गुरगुरणारा आवाज, फुगणारी पिशवी, पुढून येणारा उजेड, तापलेल्या रबराचा आणि धुळीचा वास: दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहिल्यास हे यंत्र आहे की प्राणी, असा संभ्रम पडावा. नळीच्या यंत्रालाही त्याचे चाहते आहेत. पण उभ्या यंत्राच्या आठवणींत जी भीती आणि जे आकर्षण एकत्र नांदते त्याचे मूळ या रचनेत आहे, असे मला वाटते.

यंत्रांचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात पुरे. १८६९ मध्ये शिकागोच्या आइव्हज मॅकगॅफी यांनी हाताने फिरवायच्या पंख्याचे एक यंत्र पेटंट केले. १८७६ मध्ये मेल्व्हिल बिसेल यांचा गालिचा झाडण्याचा ढकलता ब्रश आला. त्यात हवा ओढण्याचा भाग नव्हता. १९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ यांनी धूळ फुंकण्याऐवजी ओढून घेणारे यंत्र सिद्ध केले. ते इतके मोठे होते की घोडागाडीवर लादून रस्त्यात उभे करावे लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात न्याव्या लागत. त्याच्या आवाजाने रस्त्यावरची घोडी बुजत, म्हणून तक्रारी होत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ केले गेले. श्रीमंत घरांत हे यंत्र येई त्या दिवशी पाहुण्यांना चहाला बोलावण्याची पद्धत पडली होती. तेव्हा स्वच्छता ही पाहण्याची गोष्ट म्हणूनच यंत्रयुगात शिरली, आणि प्रेक्षक व कामकरी यांची फारकत पहिल्या दिवसापासूनच होती, हे ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

उभ्या यंत्राचा जन्म मात्र प्रेक्षकाच्या हातून झाला नाही. ओहायो राज्यातील कँटन या गावी एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये झाडलोटीचे काम करणारे जेम्स मरे स्पँग्लर यांना दम्याचा विकार होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ त्यांना सोसत नसे. १९०७ मध्ये त्यांनी विजेचा पंखा, साबणाचा पत्र्याचा डबा, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा यांची जुळणी करून आपल्यापुरते एक यंत्र बनवले. २ जून १९०८ रोजी त्यांना पेटंट मिळाले. स्पँग्लर यांच्या ओळखीतील सुझन हूव्हर यांनी ते यंत्र घरी वापरून पाहिले आणि पती विल्यम हूव्हर यांच्या कानी घातले. हूव्हर यांचा व्यवसाय घोड्यांचे साज आणि चामड्याच्या वस्तूंचा. मोटारगाड्या आल्यामुळे घोड्यांच्या साजाला फार दिवस उरलेले नाहीत हे त्यांना दिसत होते. त्यांनी पेटंट विकत घेतले आणि १९०८ मध्येच चामड्याच्या कारखान्याच्या एका कोपऱ्यात नव्या यंत्रांची जुळणी सुरू झाली. पहिल्या मॉडेलला ‘ओ’ असे नाव होते. स्पँग्लर १९१५ मध्ये वारले. यंत्राला नाव राहिले ते हूव्हर यांचे.

या जन्मकथेत जो तपशील संग्राहकांच्या मौखिक परंपरेने सर्वाधिक जपला आहे तो उशीच्या अभ्र्याचा. तो का, हे समजण्यासारखे आहे. अभ्र्यामुळे यंत्र कारखान्यातून उचलून घरात, थेट अंथरुणापाशी आणून ठेवले जाते. पण याच कथेतील दुसरा तपशील, म्हणजे पगारी झाडूवाल्याच्या निकामी होत चाललेल्या फुप्फुसांचा, बहुधा एका वाक्यात उरकला जातो. शोधाची कथा सांगताना श्रमाची कथा अशी दुय्यम होते, आणि पुढे विक्रीच्या भाषेने हे काम पद्धतशीरपणे पुरे केले.

हूव्हर यांनी ५ डिसेंबर १९०८ च्या ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये जाहिरात देऊन दहा दिवस यंत्र घरी फुकट वापरून पाहण्याची सोय देऊ केली. मागणीची पत्रे आली तेव्हा यंत्र थेट ग्राहकाकडे न धाडता त्यांनी ते त्या त्या गावातील दुकानदारामार्फत पाठवले आणि त्यालाच आपला विक्रेता करून घेतले. पुढील दशकांत दारोदार फिरणारा विक्रेता हा अमेरिकी जीवनातील परिचित माणूस झाला. त्याचे कथन नाट्यमय असे: घरात शिरायचे, गालिच्यावर मुद्दाम घाण टाकायची, गृहिणीने स्वच्छ म्हणून दाखवलेल्या गालिच्यातून पसाभर धूळ काढून तिच्यापुढे धरायची. १९१९ मध्ये हूव्हरचे जे प्रसिद्ध घोषवाक्य आले त्याचा आशय होता की हे यंत्र एकाच वेळी गालिचा बदडते, झाडते आणि स्वच्छही करते. त्यातील बदडण्याला १९२६ मध्ये यांत्रिक रूप मिळाले. त्या वर्षीच्या ७०० क्रमांकाच्या मॉडेलमध्ये ब्रशच्या रुळावर धातूच्या दांड्या बसवल्या होत्या. ओढलेल्या हवेमुळे गालिचा किंचित उचलला जाई आणि या दांड्या त्यावर भराभर टिपरीसारख्या पडत. संग्राहक केवळ कानाने मॉडेल ओळखतात ते बहुतांशी या ठोक्यांवरून.

घोषवाक्यातील ‘बदडणे’ हे क्रियापद निष्पाप नाही. यंत्रापूर्वीच्या काळात घरातले गालिचे वर्षातून एकदा किंवा दोनदा बाहेर नेऊन, दोरीवर टाकून वेताच्या किंवा तारेच्या थापीने बदडले जात. हे अंगमेहनतीचे काम पुरुष, मुले किंवा रोजावर लावलेली माणसे करीत. रूथ श्वार्ट्झ काउअन यांनी १९८३ मधील ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात असे दाखवले आहे की घरगुती यंत्रांनी कष्टाची तीव्रता कमी केली, परंतु काम मात्र एकट्या गृहिणीकडे लोटले. गालिचा बाहेर नेण्याचे कारण उरले नाही, मदतीला माणसे लागेनाशी झाली, आणि स्वच्छतेची अपेक्षा वाढली. वर्षातून दोनदाचे सामूहिक काम दर आठवड्याचे एकटीचे काम झाले. त्यापूर्वी १९७४ मध्ये जोॲन व्हानेक यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील लेखात दाखवून दिले होते की नोकरी न करणाऱ्या अमेरिकी गृहिणीचा घरकामाचा वेळ अर्धशतकात जवळजवळ घटलेलाच नव्हता. ‘वेळ वाचवणारे यंत्र’ हा जाहिरातीचा शब्दप्रयोग या दोन अभ्यासांच्या उजेडात वाचावा लागतो.

ललित साहित्याला हे व्यवहार इतिहासकारांच्या आधी दिसले होते. आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) मध्ये पहिल्याच अंकात लिंडा घरच्या देण्यांचा हिशोब मांडते. फ्रिज आणि धुलाईयंत्राबरोबर व्हॅक्यूम क्लीनरचा साडेतीन डॉलरांचा हप्ताही त्यात आहे. नाटकातला नायक गावोगाव हिंडणारा विक्रेता आणि त्याच्याच घरात दुसऱ्या कोणा विक्रेत्याने गळ्यात मारलेले यंत्र, हप्ते चालू: ही रचना मिलर कोठेही अधोरेखित करत नाहीत. ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘अवर मॅन इन हवाना’ (१९५८) मध्ये तर व्हॅक्यूम क्लीनरचा विक्रेताच कथानायक आहे. वर्मोल्ड हा हवानातील इंग्रज दुकानदार मुलीच्या खर्चिक आवडींपायी ब्रिटिश हेरखात्याचे पैसे स्वीकारतो आणि डोंगरातील गुप्त लष्करी बांधकामाची चित्रे म्हणून नव्या व्हॅक्यूम क्लीनरच्या भागांच्या आकृत्या लंडनला धाडतो. त्या यंत्राचे नाव ‘ॲटॉमिक पाइल’ आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांना या आकृत्या भीतिदायक वाटतात. येथे ग्रीन यांची विनोदबुद्धी नेमकी ज्या जागी बोट ठेवते ती जागा आपल्या विषयाची आहे: घरातले यंत्र प्रमाण बदलून पाहिले की भयप्रद होते. लहान मुलाची उंची आणि हेरखात्याची भीती यांत यंत्राकडे पाहण्याची एकच चूक आहे. मात्र या दोन्ही कृतींत यंत्र विकणारा पुरुष मध्यभागी आहे. यंत्र वापरणारी स्त्री मिलर यांच्याकडे हिशोब करते. ती केर काढताना आपल्याला दिसत नाही.

भाषेनेही या यंत्राची दखल आपापल्या परीने घेतली. ब्रिटिश इंग्रजीत ‘हूव्हर’ हे विशेषनाम सामान्यनाम झाले आणि मग क्रियापद झाले. दुसऱ्या कंपनीच्या यंत्राने केर काढला तरी माणूस ‘हूव्हर’ करतो. आपल्याकडे ‘डालडा’ आणि ‘झेरॉक्स’ यांचे जे झाले तेच. गंमत अशी की हूव्हरच्या मायभूमीत हे घडले नाही. ओहायो आणि आसपासच्या प्रदेशात लोक ‘स्वीपर’ फिरवतात, म्हणजे यंत्रपूर्व काळातल्या झाडणाऱ्या ब्रशचेच नाव चालवतात. जर्मन आणि डच भाषांत ‘धूळ ओढणारा’ अशा अर्थाचे सरळ समास रूढ झाले. मराठीत इंग्रजी शब्दच राहिला. पर्याय रूढ व्हावा इतके हे यंत्र घरोघर पोहोचलेच नाही.

याचे कारण जमिनीत आहे. उभे यंत्र हे भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरलेल्या गालिच्याचे अपत्य आहे. शेणाने सारवलेल्या, शहाबादी फरशीच्या किंवा मोझॅइकच्या जमिनीवर त्याच्या ठोकणाऱ्या दांड्यांना काही काम नाही. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सने भारतीय शहरांत दारोदार विक्रीची पद्धत रुजवली आणि तिचा गळपट्टा लावलेला विक्रेता मध्यमवर्गाच्या आठवणीत राहिला. पण त्याच्या हातातले यंत्र नळीचे होते. मराठी वाचकापाशी तुलनेसाठी जे साधन आहे ते वेगळे आहे. केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणतो, तिला पाय लागू देत नाही, लक्ष्मीपूजनाला तिची पूजा करतो. ती पिढ्यान्‌पिढ्या बांधत आलेल्या मातंग समाजाच्या वाट्याला त्या आदराचा किती अंश आला, हे सांगण्याची गरज नाही. साधन पूज्य आणि हात अदृश्य, ही विभागणी केवळ ओहायोची नव्हे.

आता संग्राहकांकडे वळू. अमेरिकेत व्हॅक्यूम क्लीनर संग्राहकांचा क्लब १९८० च्या दशकात स्थापन झाला आणि वार्षिक संमेलने भरू लागली. या छंदाचा सर्वांत प्रसिद्ध प्रवक्ता त्याआधीच दूरचित्रवाणीवर पोहोचला होता. स्टॅन कान (१९२४–२००८) हे सेंट लुइस येथील फॉक्स थिएटरचे ऑर्गनवादक. जॉनी कार्सन यांच्या ‘द टुनाइट शो’मध्ये ते ७७ वेळा आले. जुनी यंत्रे आणायची, ती चालवून दाखवू पाहायची, आणि ती नेमकी दगा देतील तेव्हा गडबडून जायचे, हा त्यांचा हातखंडा प्रयोग होता. थिएटरचा ऑर्गन हेही विजेच्या पंख्याने हवा दाबून नळ्यांत सोडणारे यंत्रच. एकच माणूस संध्याकाळी एका वाऱ्याच्या यंत्रातून संगीत काढतो आणि घरी दुसऱ्या वाऱ्याच्या यंत्रांनी खोल्या भरतो, यात मला विक्षिप्तपणापेक्षा सुसंगती अधिक दिसते. प्रेक्षक मात्र हसले, आणि कान यांनी त्यांना हसू दिले. प्रौढ पुरुषाने बायकांच्या कामाच्या साधनाविषयी आसक्ती दाखवावी यातली विसंगती त्या हसण्यामागे होती. निबंधाच्या आरंभी ज्या हास्यास्पदतेचा उल्लेख केला तिचे उत्तर बरेचसे येथे मिळते. जुन्या मोटारगाड्या जमवणाऱ्याला कोणी हसत नाही.

हेच हसू संगीतातही ऐकू येते. १९५६ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये जेरार्ड हॉफनुंग यांनी योजलेल्या विनोदी संगीतमहोत्सवासाठी माल्कम आर्नल्ड यांनी ‘अ ग्रँड, ग्रँड ओव्हर्चर’ रचले. त्यात पूर्ण वाद्यवृंदाबरोबर तीन व्हॅक्यूम क्लीनर, जमीन चकाकवण्याचे एक यंत्र आणि चार बंदुका आहेत, आणि ते अर्पण केले आहे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांना. श्लेष उघड आहे. पण हा तुकडा विनोद म्हणून यशस्वी होतो, कारण सभागृहातील प्रत्येकाच्या कानात तो आवाज आधीपासून होता. विसाव्या शतकाच्या मध्यावरील इंग्रजी घराचा तो पार्श्वस्वर होता आणि मैफलीत आणल्याशिवाय कोणी त्याला आवाज म्हणून ऐकले नव्हते.

संग्राहकांचे श्रेय हे की ते तो ऐकतात. त्यांच्या आठवणींतला पहिला तपशील बहुधा आवाजाचाच असतो. त्यानंतर येते ती भीती: यंत्र सुरू झाले की मूल पलंगाखाली किंवा दाराआड लपते. मग एका दिवशी भीतीचे कुतूहल होते. मूल बटण दाबून पाहते, पिशवी फुगते. पुढे शेजारणीच्या घरचे यंत्र पाहायला जाणे, वाढदिवसाला खेळण्याऐवजी व्हॅक्यूम क्लीनर मागणे, कचऱ्यात टाकलेले यंत्र उचलून आणणे, आणि प्रौढपणी नेमके आईचे मॉडेल, तोच रंग, तीच पिशवी शोधत राहणे. कितीही वेगवेगळ्या माणसांनी सांगितली तरी कथा या क्रमाने जाते, इतकी की तिला एक लघु साहित्यप्रकार मानण्यास हरकत नसावी. प्रत्येक प्रकाराप्रमाणे याचेही संकेत आहेत, आणि त्यांतला एक असा की यंत्राचे मॉडेल अचूक सांगितले जाते, आईविषयी मात्र ती ‘केर काढत असे’ इतकेच. ती दमत होती का, त्या वेळी ती काय गुणगुणत होती, यंत्र तिला आवडत होते का, हे क्वचितच कळते. मुलाचे लक्ष ब्रशकडे होते. त्यात त्याचा दोष नाही.

तथापि ही कथने खोटी किंवा उथळ आहेत असे म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. काउअन यांच्या ग्रंथातून आपल्याला कामाचे वाटप कळते, त्याचे तास कळतात. त्या कामाचा स्पर्श कळत नाही. जुन्या ‘कर्बी’ यंत्राचे ॲल्युमिनियमचे ओतीव शरीर किती जड आहे, ते वळवताना मनगटावर कोठे ताण येतो, पट्टा सैल झाला की ठोक्यांची लय कशी मंदावते आणि तुटण्यापूर्वी रबराचा कोणता वास येतो, हे ज्ञान आज जवळजवळ केवळ संग्राहकांच्या देहात शिल्लक आहे. ते मूलतः ज्या स्त्रियांचे ज्ञान होते त्यांनी ते लिहून ठेवले नाही, कोणी विचारलेही नाही. संमेलनात गालिच्याच्या तुकड्यावर १९३६ चे यंत्र पुढेमागे ढकलणारा गृहस्थ, त्याला ठाऊक असो वा नसो, कोणाची तरी हालचाल आपल्या हातांनी पुन्हा करत असतो.

१९३६ चे ते यंत्र, हूव्हरचे १५० क्रमांकाचे मॉडेल, हेन्री ड्रेफस यांनी घडवले. मोटर आणि यंत्रणा बेकेलाइटच्या एकसंध आवरणाखाली झाकली गेली. पिशवी रिकामी करण्याची वेळ झाली की सूचना देणारी खूणही होती. यंत्राचे आतडे झाकून त्याला एक चेहरा देण्याची ही सुरुवात होय. संग्राहकांच्या दृष्टीने येथून पुढचा काळ विशेष मोलाचा, कारण येथून पुढे यंत्रे घरातल्या इतर वस्तूंसारखी रंगांनी आणि चेहऱ्यांनी ओळखू येऊ लागली. त्याच सुमारास, १९३३ मध्ये, लंडनच्या पश्चिमेला पेरिव्हेल येथे हूव्हरचा पांढराशुभ्र कारखाना उभा राहिला. स्थापत्येतिहासकार निकोलाउस पेव्ह्‌स्नर यांनी १९५१ मध्ये त्याची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. १९८० मध्ये मात्र तीच इमारत संरक्षित वारसा म्हणून नोंदली गेली, त्याच वर्षी एल्व्हिस कॉस्टेलो यांनी तिच्यावर गाणे केले, आणि १९८२ मध्ये तेथील उत्पादन थांबले. पुढे तेथे सुपरमार्केट आले आणि नंतर इमारतीच्या दर्शनी भागात सदनिका झाल्या. उत्पादन थांबणे आणि वारसा ठरणे या दोन घटना दोन वर्षांच्या अंतराने घडाव्यात, हा योगायोग मानवत नाही. नॉर्थ कँटनमध्ये हूव्हर यांचे बालपणीचे घर १९७८ मध्ये संग्रहालय म्हणून खुले झाले, २००४ मध्ये ते वॉल्श विद्यापीठाकडे गेले, आणि २००७ मध्ये गावातला मूळ कारखाना बंद पडला. कंपनी त्या वर्षी हाँगकाँगच्या एका उद्योगसमूहाने विकत घेतली होती. जेथे यंत्रे बनत तेथे आता यंत्रांच्या आठवणी सांगितल्या जातात.

संग्राहकांच्या भूमिकेचे मर्म विरोधाने अधिक स्पष्ट होते. १९८० मध्ये जेफ कून्स यांनी न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियमच्या खिडकीत ‘द न्यू’ ही मालिका मांडली: कोरे करकरीत व्हॅक्यूम क्लीनर, त्यांत १९५७ पासून विकले जाणारे हूव्हरचे ‘कन्व्हर्टिबल’ हे उभे यंत्रही, पारदर्शक पेट्यांत सीलबंद, खालून नळीदिव्यांचा उजेड. ही यंत्रे एकदाही वापरलेली नाहीत आणि वापरली की कलाकृती संपली. कून्स यांची यंत्रे श्वास घेत नाहीत. संग्राहकाचे यंत्र भिंतीत प्लग घातल्याशिवाय पुरते होत नाही. कलासंग्रहालयाने कामाच्या साधनाला काम न करण्याच्या अटीवर प्रवेश दिला. एवढ्या एका मुद्द्यावर मी संग्राहकांच्या बाजूचा आहे.

पण संग्राहकांतही एक वाद आहे आणि तो पुनर्रचनेचा आहे. काहीजण ॲल्युमिनियम आरशासारखे होईपर्यंत घासतात, नवे बेअरिंग आणि कार्बन ब्रश बसवतात, पिशवीही जुन्या नमुन्याबरहुकूम नवी शिवून घेतात. काहीजण ओरखडे, विटका रंग, दांड्याच्या मुठीवरची झीज तशीच राखतात. मुठीवरची झीज हा या यंत्रावरील एकमेव हस्तलेख आहे. उजव्या हाताची की डाव्या, मोठ्या पंजाची की लहान, हे त्यातून वाचता येते. आरशासारखे घासलेले यंत्र कारखान्यातून निघालेल्या दिवसाची आठवण करून देते, आणि त्या दिवशी ते अजून कोणाचेच नव्हते.

काळ आता संग्राहकांच्या बाजूने उरलेला नाही. जेम्स डायसन यांच्या पिशवीरहित यंत्राने (डीसी-०१, १९९३) पारदर्शक डब्यात धूळ सर्वांना दिसेल अशी ठेवली. बूथ यांच्या चहापानाचाच हा घरगुती अवतार म्हणायचा. पिशवीचे फुगणे त्याबरोबर संपले. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॉट आणि १ सप्टेंबर २०१७ पासून ९०० वॉट अशी शक्तीची मर्यादा घातली, आवाजालाही बंधन आले. उद्याच्या मुलाला भ्यायला आणि मोहायला जे यंत्र मिळेल ते जमिनीवरून आपले आपण फिरणारे, माणसाशिवाय चालणारे असेल. त्याच्या आठवणीत पाठमोरीही कोणी असणार नाही.

जुने उभे यंत्र हाती आले की दुरुस्तीची पहिली पायरी ठरलेली असते. पिशवी उघडून वर्तमानपत्रावर रिकामी करतात. तीत केस असतात, गालिच्याची लोकर, टाचण्या, कधी एखादे बटण. पिशवी धुऊन वाळत घालतात आणि धूळ वर्तमानपत्रात गुंडाळून टाकून देतात. मग यंत्राची नोंद होते. तीत मॉडेलचा क्रमांक असतो, उत्पादनाचे वर्ष, पिशवीचा नमुना, मोटर मूळची की बदललेली. यंत्र कोणी ढकलले त्याचा रकाना त्यात सहसा नसतो.